एकदाच वाजवायची रेकॉर्ड

"अजून नाही," बायको म्हणाली. "डावीकडचा स्पीकर नाकात बोलतोय."

तो गुडघ्यांवर बसला, डावा स्पीकर बोटभर पुढे ओढला आणि चाचणीची रेकॉर्ड पुन्हा लावली. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"आता?"

"आता बरा आहे. पण मागे काहीतरी घूं करतंय."

घूं म्हणजे पुन्हा वायर. त्याला काही ती घूं ऐकू आली नव्हती, पण स्वतःच्या कानांपेक्षा तिच्या कानांवर त्याचा जास्त भरवसा होता.

आयुष्यभर त्याने दुकानांतले वजनकाटे तपासले होते. केसाएवढा फरक निघाला तरी तो सोडायचा नाही. निवृत्त झाल्यावर हा हट्ट त्याने घरी आणला. टर्नटेबलवर पाणसळ ठेवून सपाटी बघायचा, सुईचा भार इवल्याशा काट्यावर मोजायचा. भिंतींवर रजया लटकल्या होत्या, जमिनीवर खडूच्या खुणा होत्या आणि त्या खुणांवरून झाडू फिरवायला बंदी होती. लेकीचा लहानपणचा, पेटीतला प्लेयर तेवढा त्याच्या डोळ्यांत खुपायचा. असली जड सुईची यंत्रं रेकॉर्ड वाजवत नाहीत, नांगरतात, असं तो म्हणायचा आणि पेटी माळ्यावर टाकायचा. चार दिवसांनी ती पुन्हा खाली आलेली असायची. "पुसायला काढली," बायको म्हणायची.

दुसरी एखादी असती तर तिने नवऱ्यासकट सगळं भंगारात घातलं असतं. ही उलट म्हणायची, "वायर बदलायची ना? मग आजच जा. आणि नीट बघून आणा, घाई करू नका." वर छत्रीही हातात द्यायची. आपलं नशीब थोर, असं त्याला वाटायचं.

हा सगळा खटाटोप एका रेकॉर्डसाठी चालला होता.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिथल्या एका दुकानात माणसाचा आवाज थेट तबकडीवर कोरून देत. बापाला रेकॉर्डचं वेड, म्हणून त्याच्या वाढदिवसासाठी तिने आपलं बोलणं कोरून घेतलं आणि पार्सल केलं. पार्सल दारात आलं तेव्हा तिचे अंत्यसंस्कार उरकून दोघं नुकतीच घरी परतली होती. ऑफिसला जाताना रस्ता ओलांडायचं निमित्त झालं, आणि सगळं संपलं.

हाय-फायच्या दुकानदाराने ती तबकडी उजेडात धरून पाहिली. "काका, ही फार मऊ असते. दर खेपेला सुई थोडा थोडा आवाज खरवडून नेते. जड सुईखाली तर बघता बघता कोरी होईल. मी म्हणतो, आधी नक्कल करून घ्या."

"नक्कल करायलाही एकदा वाजवावीच लागेल. मग ते एकदा माझ्या घरी, नीट होऊ दे."

घरी येऊन त्याने ती कपाटात ठेवली. "सिस्टिम जुळली की दोघं मिळून ऐकू," त्याने बायकोला बजावलं. "तोवर हात लावायचा नाही." ती नुसती मान हलवून आत गेली.

तेव्हापासून सिस्टिम जुळतच होती. तो एक दोष काढून टाकायचा, बायको दुसरा दाखवायची. सुई बदलली, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, स्पीकर दोनदा बदलले. तिच्याइतके तिखट कान कुणाचे नसतील, असं तो दुकानदारालाही कौतुकाने सांगायचा.

मग त्याचेच कान दगा द्यायला लागले. दाराची घंटा ऐकू येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा ठेवला नाही. "वरचे सूर गेलेत. बाकीचेही जातील. थांबवता येणार नाही."

लेकीचा आवाज बारीक होता. तो चालतच घरी आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "आज लावायची."

"आज नको," ती चटकन म्हणाली. "उजवीकडे अजून जरा..."

"उजवीकडे काही का असेना! माझे कान चाललेत गं."

"अहो, थोडं थांबा. माझं ऐका."

"थांबलो तेवढं पुरे झालं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. त्याने तबकडी काढली, टर्नटेबलवर ठेवली आणि जीव मुठीत धरून सुई टेकवली. मग खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत येऊन बसला.

खरखर आली. तो वाट पाहत राहिला. खरखर चालूच राहिली. त्याने आवाज वाढवला, तशी खरखर वाढली. तिच्यापलीकडे काहीच नव्हतं.

त्याला हुंदका फुटला. एवढा आटापिटा केला आणि ऐन वेळी कानच संपले. लेक समोर बोलत होती आणि बाप बहिरा झाला होता.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. "तुला येतंय?"

ती स्पीकरकडे बघत होती. "येतंय," ती म्हणाली.

"काय म्हणतेय? सांग ना."

बायकोने डोळे मिटले. "म्हणतेय, बाबा, आधी हात धुतलेत का? धुवा. आणि सुईवर फुंकर मारू नका, थुंकी उडते." ती थांबली. "हसतेय आता. म्हणतेय, खुर्चीत तुम्हीच बसला असाल. आईला बसवा. तिला कायम कडेला बसवता तुम्ही."

तो तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसला आणि तिचा हात धरला. लेकीला ठसका कुठे लागला, ती श्वास घ्यायला कुठे थांबली, मागे गाडीचा हॉर्न केव्हा वाजला, सगळं बायको सांगत होती. एक शब्द अडखळत नव्हता.

"म्हणतेय, सुट्टी मिळाली की येते. घ्यायला येऊ नका, उगाच तासभर आधी येऊन ताटकळता..."

त्याने डोळे पुसले आणि वर पाहिलं. सुईची दांडी केव्हाच आपोआप उचलली जाऊन जागेवर बसली होती आणि तबकडी फिरायची थांबली होती. बायको मात्र डोळे मिटून, लेकीच्याच घाईघाईच्या सुरात, पुढचं बोलत होती.