अकरा ते बारा

बरोब्बर अकरा वाजता सोमनाथने समृद्धीच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"बस आता. तीन तास झाले."

"भाऊ, एवढा एक भरते की."

"न्हाई. बारा वाजेस्तोवर कशालाच हात लावायचा न्हाई."

डिंगोऱ्यातल्या त्याच्या रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे दिवस होते. लांबलचक टेबलापाशी सहा बाया उभ्याने ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक बी टाकत होत्या. सातवी समृद्धी. वय सोळा, दहावीची परीक्षा दिलेली. अकरावीला ओतूरला जायला स्वतःच्या कमाईची सायकल घ्यायची, म्हणून सुट्टीत कामाला आलेली. सोमनाथने तिला ठेवून घेतलं खरं, पण मनात धाकधूक होती. त्याने कायदा नीट विचारून घेतला आणि कागदावर लिहून दाराला चिकटवला. चौदाच्या आतलं कुणी कामावर नाही. अठराच्या आतल्यांना औषध फवारणी नाही. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. दिवसाला सहाच तास, तेही मधली सुट्टी धरून. आणि तीन तास झाले की एक तास विश्रांती.

तो तास समृद्धीला शिक्षेसारखा वाटायचा. ती जांभळीखाली क्रेट उपडा टाकून बसायची. समोर धोंडाबाई उभी असायची, मढहून जीपने येणारी, साठीच्या पुढची. कधी या पायावर भार, कधी त्या पायावर. "मॅडम बसल्या," असं म्हणून बाया हसायच्या. समृद्धीही हसायची, पण मान वर करायची नाही.

चौथ्या दिवशी ती बसली नाही.

"धोंडाआजी उभ्या आणि मी बसून बघायचं? मला लाज वाटते, भाऊ."

"मग उद्यापासून येऊ नको," सोमनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यालाच वाईट वाटत होतं. "नियम मोडून मला तुला ठेवता यायचं न्हाई."

समृद्धीने डोक्याचा रुमाल सोडला. डबा पिशवीत टाकला. दुकानात बघून ठेवलेली सायकल तिच्या डोळ्यांपुढून गेली.

तेवढ्यात धोंडाबाईने बियांची वाटी टेबलावर ठेवली. ती जांभळीखाली गेली आणि गुडघ्यांवर हात देत खाली टेकली.

"ये गं पोरी. मी बसले. आता तुला कसली लाज?"

"मावशी, त्यो नियम अठराच्या आतल्यांना हाय," सोमनाथ म्हणाला.

"मंग मी बी आतलीच की. नऊ वर्षांची व्हते तवा खुरपं हातात आलं. तवापास्नं अकरा वाजता मला कुणी बस म्हणालं न्हाई. तू आज म्हण."

सोमनाथला हसू फुटलं. "अठराच्या आत, आन नातवंडं सात?"

"लगीन बी वयाच्या आधीच झालं व्हतं," धोंडाबाई शांतपणे म्हणाली.

टेबलाभोवती हसू पसरलं आणि हळूहळू विरलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुशाबाईने पदराला हात पुसले आणि ती जांभळीकडे निघाली. तिच्यामागून बाकीच्याही.

सोमनाथ टेबलापाशी एकटा उरला. पिंपरी पेंढारच्या गिऱ्हाइकाचे दोनशे ट्रे आजच भरायचे होते. त्याने जांभळीकडे पाहिलं. धोंडाबाईने चपला काढून पाय लांब केले होते. पाच वर्षं ती त्याच्याकडे कामाला होती, आणि जेवण आणि जीप सोडली तर तिला बसलेलं त्याने कुठंच पाहिलं नव्हतं.

"जेवणाचा अर्धा तास अकराला घ्या," तो शेवटी म्हणाला. "वरचा अर्धा माझ्याकडनं. पण ट्रे भरले पायजेत."

ट्रे भरले. त्या दिवशी भरले आणि पुढेही भरत राहिले.

डबे पंधरा मिनिटांत संपायचे. उरलेल्या वेळाचं काय करायचं, हे पहिले दोन दिवस कुणालाच सुचेना. तशी सवयच नव्हती. मग धोंडाबाईने पाच गोल खडे वेचून आणले. समृद्धीला सागरगोटे येत नव्हते.

"शाळेत काय शिकवत्यात तुमाला?" असं म्हणत धोंडाबाईने एक खडा वर उडवला, खालचे चार एका झपाट्यात उचलले आणि वरचा अलगद झेलला. आठवड्याभरात रोज भांडणं होऊ लागली. कुशाबाई हरली की डाव मोडायची आणि तिला पुन्हा खेळात घ्यायला सगळ्यांना तिची मनधरणी करावी लागायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपवाटिकेच्या फाटकाशी गाडी थांबली. हातात फाईल घेतलेल्या एक बाई उतरल्या. कामगार खात्याच्या अधिकारी. सोमनाथ धावतच पुढे आला. त्याने दारावरचा कागद दाखवला, हजेरीचं रजिस्टर दाखवलं. बाईंनी सगळं सावकाश वाचलं आणि मग त्या जांभळीखाली आल्या. सात जणी गोल करून बसल्या होत्या. डाव ऐन रंगात होता.

"तुमच्यात अठराच्या आतलं कोण आहे?" बाईंनी विचारलं.

सहा हात झटकन वर गेले, सगळ्यांत आधी धोंडाबाईचा. समृद्धीचा तेवढा राहिला. तिचा खडा अजून हवेत होता.