धुतलेले दगड

बासष्ट दगड अंगणात ओळीनं वाळत होते आणि एकावरही आकडा उरला नव्हता.

रविंद्रनं एक उचलला. पालथा केला. रॉकेलचा वास आला. दुसरा उचलला. मग तो मातीतच बसला.

"देव कवाच सोडलं आपण," बाप श्रीपती बाजेवरून हसत म्हणाला, "आन तुझ्या आयनं सकाळधरनं दगडास्नी आंघोळ घातलीया!"

जळोचीच्या बौद्धवस्तीत हे दगड येण्याचं कारण साधं. विद्यापीठात सगळ्यांना कपाट मिळालं, रविंद्रला नाही.

चुनखडीचे दगड. कर्नाटकातल्या दोन खाणींतले, खाणी एकमेकींपासून शंभर मैल लांब. अशा दगडात हलका कार्बन किती आणि जड किती, हे थराथराला बदलतं. खालून वर एकेक थर मोजायचा. दोन्हीकडचे चढउतार जुळले, तर ते थर एकाच काळात समुद्राच्या तळाशी बसलेले. कोणता तुकडा कुठल्या खाणीचा, खालून कितवा, हे फक्त आकडा सांगायचा. वही होती, पण वहीतही आकडेच होते. आकडा गेला की उरते ती खडी.

मोजायचं मशीन देशात दोन-चार ठिकाणी. तीन वर्षं थांबल्यावर त्याला तारीख मिळाली होती. येत्या परवाची. पुन्हा दगड आणावेत, तर एक खाण सुरुंगानं उडवून केव्हाच सिमेंटात गेली. शहाण्णवचा फेब्रुवारी चालू होता. पीएचडीची मुदत मार्चअखेर.

"आये, कुणी सांगितलं व्हतं तुला? तीन वर्षं गेली माझी!"

मालनबाईच्या हातात अजून काथ्या होता. बोटं सोलवटली होती. चौथी शिकलेली बाई, अक्षराला अक्षर लावून वाचायची.

"इंदापूरला खोली बघाया गेलतास," ती म्हणाली. "आडनाव सांगितलंस तवा मालक म्हणला, खोली कालच गेली. खरं का न्हाय?"

"त्याचं हितं काय?"

"परत्येक दगडावर आडनाव घातलंवतंस तू. त्या मशीनवाल्यांनी बी तसंच माघारी लावलं असतं." तिनं काथ्या खाली ठेवला. "मी तेवढंच घासत व्हते, रवी. आकडा त्याला चिकटून व्हता."