तिसरा घोटा

सकाळपासून कृत्रिम पायाचे नवनवे घोटे चढवून-उतरवून निवृत्त मास्तर मेटाकुटीला आले होते. पण चाचणीचा तिसरा घोटा पाऊल टाकताच पावलाच्या कलाने आपणहून वळला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते आधाराशिवाय दवाखान्याचा लांबलचक कॉरिडॉर पार करून गेले. आपल्या पायामुळे बायकोलाही जन्मभर रखडत चालावं लागणार, ही खंत त्यांच्या मनाला कायम लागून होती. दाराशी पोचताच त्यांनी मागे वळून हाक मारली, "अगं, आता तरी भरभर ये की!"

ती अजून अर्ध्या वाटेतच भिंतीला धरून उभी होती.


"तुम्ही व्हा पुढे," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही हळू चालायचात, म्हणून माझं गुडघ्यांचं दुखणं झाकलं गेलं हो इतकी वर्षं."