झुंबरबाईंचा राग

सुषमा दर शुक्रवारी लोणावळ्याहून स्कूटीवरून कुरवंड्याला यायची आणि समाजमंदिरात बायकांची बैठक घ्यायची. नवऱ्याने हात उगारला तर काय करायचं, कुणाकडे जायचं, हे समजावून सांगायची. अख्ख्या गावात तिला धाक होता तो एकट्या झुंबरबाईंचा. ती येताना दिसली की म्हातारी दारातूनच ठसक्यात म्हणायची, "आल्या बघा, संसार मोडायला." सुनेला तर तिने समाजमंदिराची पायरीही चढू दिली नव्हती.

आज मात्र झुंबरबाई सुनेचा हात धरून थेट आत आल्या. सुनेचा गाल सुजला होता. सुषमाने मनातल्या मनात भांडणासाठी पदर खोचला.

"आमच्या उमेशनं हिला मारलंय," झुंबरबाई म्हणाल्या. "त्याला गोठ्यात कोंडून, भाईरनं कडी लावून आलेय. आता म्होरं काय करायचं ते सांगा. पोलिसांत जायाचं आसंल तर मीबी येते."

गोठ्यातला उमेश डोळ्यांपुढे येऊन बायकांना हसू आवरेना. सूनसुद्धा सुजल्या गालाने हसली.

"पण मावशी, तुम्हाला तर आमचा एवढा राग होता," सुषमा म्हणाली.

"व्हता की. आजून हाय," सुनेला शेजारी बसवून घेत म्हातारी म्हणाली.

 

"माझा दादला मला मारायचा, तवा कुटं व्हता गं तुमी?"