दसऱ्याची अक्षता

“केबल बदलली, फोन दोनदा बंद-चालू केला, तरी हा कॉम्प्युटर ओळखच देत नाही, सर!” मृण्मयी रडकुंडीला आली. विज्ञान प्रदर्शनाचा तिचा व्हिडिओ फोनमध्येच अडकला होता आणि मुदत संपायला अर्धाच तास उरला होता.

“पुढच्या वर्षी पाठवू,” पाटणकर सर म्हणाले.

“पुढच्या वर्षी? दहावीत आहे मी! सरका बघू.”

फोनच्या उजेडात तिने कॉम्प्युटरच्या केबल खोचायच्या खाचेत डोकावलं. आत कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा ठाण मांडून बसला होता!

“दसऱ्याला याची पूजा कुणी केली?”

“मीच. अगदी मनोभावे.”

कॉम्प्युटर बंद करून तिने टाचणीने दाणा अलगद उकरला. तो पुन्हा चालू करून केबल खोचली आणि पडद्यावर व्हिडिओ उमटला.

“हुश्श!” दोघंही एकदमच म्हणाली.

सरांनी दाणा कपाळाला लावला. “यापुढे नुसतं फूल वाहीन, बाई!”