बार्शीपर्यंत पुरेल

"ताई, आला का ओटीपी?"

"आला. चार, एक, एक, सात."

"थांब हं, चष्मा लावतो. पुन्हा सांग."

अपूर्वाने पुन्हा सांगितला. पलीकडे चार्जरने शिट्टी दिली. शिट्टीपाठोपाठ फोनमधून एका मुलीचा आवाज आला, "बाबा, मिसळ सांगू का तुम्हाला?"

"सांग, सांग. तिखट कमी," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

अपूर्वा फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. कराड. हॉटेलच्या मागचा चार्जर. तिथे मिसळ नाही घ्यायची, भजी घ्यायची. हे नम्रताला कोण सांगणार?

नम्रता गेल्या दिवाळीनंतर आली. अपूर्वा तिला दोनदाच भेटली होती. मुलगी चांगली होती, त्याचाच त्रास जास्त होता. तिच्या तोंडून 'बाबा' ऐकलं की अपूर्वा फोन कानापासून लांब धरायची. ती स्वतः फोनवर त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नसे. नुसतं 'बोला' म्हणायची.

ओटीपीचं गाडी घेतली त्याच दिवशी ठरलं होतं. गाडीसोबत पाच वर्षांचं चार्जिंग आलं होतं. खातं बाबांच्या, म्हणजे गोपाळकृष्ण आगाशे यांच्या नावावर आणि मोबाइल नंबर अपूर्वाचा. मोबाइलशी झटापट बाबांना नको असायची. चार्जरपाशी पोचलं की ओटीपी तिच्या फोनवर येणार, तो तिने सांगायचा. सुट्टी असली की ती शेजारच्या सीटवरच असायची, मांडीवर वही घेऊन. पुण्यात चौकाचौकात चार्जर आहेत. शहर सोडलं की मोबाइलवर हिरवा ठिपका दिसतो आणि जागेवर कुलूप. म्हणून वही. चिपळूणला पहारेकरी जेवायला जाताना मेन स्विच पाडून जातो. धुळ्याला चार्जरसमोर कायम कुणाची तरी डिझेल जीप उभी. अर्धा महाराष्ट्र त्या वहीत होता.

आता त्या सीटवर नम्रता बसत होती.

"खातं तिच्या नंबरवर करून टाक ना," आमोद, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला. "फॉर्म पाठवून महिना झाला बिचारीला. किती दिवस अशी टेलिफोन ऑपरेटर होऊन बसणारेस?"

"तिला रस्ते माहीत नाहीत."

"मग वही दे."

"माझं अक्षर लागणार नाही तिला."

"तुझं अक्षर कुणालाच लागत नाही. तो मुद्दा नाहीये," आमोद म्हणाला आणि त्याने पेपर उघडला.

त्या शुक्रवारी खुद्द नम्रताचा फोन आला.

"ताई, उद्या आम्ही लातूरला निघतोय. चार वाजता माझी मुलाखत आहे, कॉलेजात. मी एसटीने जाणार होते, पण बाबा म्हणाले, मी सोडतो. मध्ये चार्जिंगला कुठे थांबू, सांगता?"

बाबा म्हणाले, मी सोडतो. मुलाखती अपूर्वानेही दिल्या होत्या. तेव्हा गाडी नव्हती. स्वारगेटला तिला एसटीत बसवून बाबा शाळा गाठायचे.

तिने वही उघडली.

"इंदापूरला थांबू नका," ती म्हणाली. "बार्शीपर्यंत पुरेल. तिथे पेट्रोल पंपाला लागूनच आहे."

"थँक्यू हं ताई. तुम्ही नसतात तर आमचं काही खरं नव्हतं."

वहीत बार्शीसमोर, अपूर्वाच्याच अक्षरात, एक शब्द होता: बंद.

शनिवारी साडेबाराला त्यांचा फोन आला.

"ताई, इथे चार्जरला पोतं गुंडाळून ठेवलंय. पंपवाला म्हणतो, केव्हाचा बंद आहे."

"किती उरलंय?"

"सहा टक्के." आवाजात राग नव्हता. धाप होती. "असू दे गं, वही जुनी झाली असेल. नम्रताला आत्ताच एसटीत बसवलं. मुलाखत नको चुकायला तिची. मी थांबलोय गाडीपाशी. सावली नाहीये, एवढंच."

एप्रिल चालू होता. अपूर्वाच्या गॅलरीतली फरशीसुद्धा पायाला चटकत होती. तिने वहीची पानं भराभर उलटली. बार्शी, दुसरी नोंद: गोदाबाई, डाळगिरणी, गाडीला जाड प्लग लावू देतात. तिने नंबर फिरवला.

"पांढऱ्या गाडीवाले सर न्हवं?" गोदाबाईंना लगेच आठवलं. "या की. सर बरे हायेत ना?"

"गाडी पाच-दहा मिनिटांत पोचेल," अपूर्वा म्हणाली. "त्यांना आधी पाणी द्या."

दुपारभर गाडी गिरणीच्या भिंतीला लागून उभी राहिली. तीनच्या सुमाराला पुन्हा त्यांचा फोन आला.

"नम्रता पोचली लातूरला. मी एकटाच बसलोय. गोदाबाईंनी ताक दिलंय. बोल काहीतरी."

इतके महिने तिला हेच हवं होतं. मागे कुणाचा आवाज नाही, मिसळ नाही. फोनवर तो आवाज आणि ती.

"बार्शीचा चार्जर बंद आहे हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

पलीकडे गिरणी घरघरत राहिली.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "सारखं ओटीपी सांगून कंटाळलीस का?"

"नाही. खातं नम्रताच्या नंबरवर गेलं की ते थांबेल म्हणून."

ताकाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नम्रताला यातलं काही कळायला नको," ते म्हणाले. "जेवलीस का तू?"

"हो," ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

फोन ठेवून तिने नम्रताने पाठवलेला फॉर्म उघडला. खातेदार: गोपाळकृष्ण आगाशे. नवे मालक: नागोराव सूर्यवंशी. एवढं, आपल्या वडिलांच्या नावासकट, नम्रताने आधीच भरून ठेवलं होतं. खाली बदलाचं कारण विचारलं होतं. 'खातेदाराचे निधन' आणि 'गाडी विकली' अशा दोन चौकटी होत्या, आणि एकीवरच खूण करता येत होती. दोन्ही खरं होतं. अपूर्वाने 'गाडी विकली'वर खूण केली.