दत्ताराम मिस्त्रींची खिडकी

दत्ताराम मिस्त्रींसारखा कारागीर अख्ख्या मीरा रोडमध्ये शोधून सापडायचा नाही. पूनम सागरमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची भिंतीबाहेर काढलेली जुनी खिडकी त्यांनी काढली आणि आत बसायला बैठक असलेली तशीच नवी बसवली. खालून लोखंडी ब्रॅकेटचा आधार दिला. फटींत फोम इतका नेमका भरला की खिडकी लावताच रस्त्यावरचे हॉर्न एकदम गप्प.

शेवटी त्यांनी मलाच खिडकीतल्या बैठकीवर बसवलं. खालून बारीक आवाज आला, कट्. उठलो, पुन्हा कट्.

"नवा आधार आहे, साहेब. कोणी बसलं की एकदा वाजणार, उठलं की एकदा. माझं काम उगाच वाजत नाही."

खरंच नाही वाजलं. मधे दोन दिवस सोसाट्याचा वारा होता, तरी हूं नाही की चूं नाही. आम्ही कौतुकाने येईल त्याला तिथे बसवून दाखवायचो.

रविवारी दुपारी मी आणि माझी बायको ममता सोफ्यावर चहा घेत होतो. घरात आम्ही दोघंच. समोर खिडकीतली गादी उन्हात रिकामी पडली होती.

कट्.

ममताने कप खाली ठेवला. मी मिस्त्रींना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते सांगितलं.

"एकदाच वाजलं?"

"एकदाच."

"मग अजून कोणी उठलेलं नाही, साहेब."

आम्ही दोघं त्या रिकाम्या गादीकडे बघत राहिलो. फोन चालूच होता, तेवढ्यात दुसऱ्यांदा वाजलं.